लळा अभ्यासायचा तर मोठ्यांना विचारून नव्हे, बाळाजवळ बसून

मंजिरी (दांडिया बाजार, बडोदा): माझी मामेबहीण मानवविकास विषयात पीएचडी करते आहे. तिला सल्ला मिळालाय की तिशीतल्या लोकांकडून प्रश्नावली भरून घे, लहानपणी आईचा लळा कसा होता ते विचार आणि आजच्या संसाराशी जोड. माझ्या मते हा लहानपणाचा अभ्यासच नव्हे. बायकोशी बिनसलेल्याला आई कठोर आठवते, नुकतीच आई गेलेल्याला ती देवासारखी आठवते. बाळ मांडीवर असतानाच बघायला लागावं आणि बघतच राहावं. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७५ साली गरीब घरांतल्या २६७ पहिलटकरणींपासून असा अभ्यास सुरू झाला, तो मुलं मोठी होईपर्यंत चालला.

अनिलकाका: मंजिरी, मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून बोलतो. इथली मुलं बारावी झाली की पुण्याला, नाहीतर कॅनडाला. वीस वर्षांनी हाती कोण उरणार? आणि गळती सारखी होत नसते. भांडणं, घटस्फोट, कर्ज असलेली घरं आधी निसटतात. उरलेली स्थिर घरं मोजून तू म्हणशील, ‘बघा, लळा टिकतो.’ त्यापेक्षा छोटी, प्रामाणिक प्रश्नावली बरी.

मंजिरी: काका, गळतीचं खरं आहे. पण मानसशास्त्रज्ञ वॉटर्स यांच्या २००० सालच्या अभ्यासात ६० बाळांपैकी ५० जण वीस वर्षांनी सापडले. आईच्या आधाराची खात्री असलेलं बाळ ‘सुरक्षित’, नसलेलं ‘असुरक्षित’; ७२ टक्के जणांचा हा गट तोच राहिला. माझं लक्ष बदललेल्यांकडे आहे. आईवडिलांपैकी कुणी जाणं, घटस्फोट, गंभीर आजारपण असं काही घरात घडलेल्यांपैकी ४४ टक्के बदलले, न घडलेल्यांपैकी २२. बाळपणाची नोंदच नसती तर ‘बदललं’ हे कळलं असतं का?

रोहन: प्रश्नावली आणि मुलाखत एक नव्हे. १९८०च्या दशकात तयार झालेल्या प्रौढांच्या मुलाखतीत आईसाठी पाच विशेषणं सांगायला लावतात आणि प्रत्येकाला आठवण मागतात. ‘खूप प्रेमळ’ म्हणून एकही प्रसंग सांगता आला नाही, तर ते बोलकं असतं. खरं-खोटं तिथे तपासतच नाहीत, सांगण्यातली सुसंगती बघतात.

मंजिरी: मान्य. म्हणूनच ती आजच्या मनाची तपासणी आहे. बाळपणीच्या नोंदींची जागा ती घेऊ शकत नाही.

शुभांगीताई (बालवाडी चालवते, नवापुरा): बाळाचा गट ज्यावरून ठरवतात, तो वीस मिनिटांचा प्रयोग तरी आपल्याकडे लागू पडतो का गं? अनोळखी खोली, अनोळखी बाई, आई दोनदा बाहेर जाते, परतल्यावर बाळ काय करतं ते लिहायचं. आमच्या शेजारी बाळाला आजी न्हाऊ घालते, काकू भरवते. आई गेली तरी ते ढुंकून बघत नाही. मग ते ‘टाळणारं’, म्हणजे असुरक्षित गटातलं? आणि जन्मात एकटं न राहिलेलं बाळ खोलीत एकटं पडलं तर आकांत करणारच. जपानमध्येही हीच तक्रार झाली होती.

अनिलकाका: ताई, १९८८ साली आठ देशांतल्या जवळपास दोन हजार बाळांचे निकाल एकत्र मांडले गेले. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातला फरक दीडपट निघाला. ‘आमचं वेगळं’ हे इतकं सोपं नाही.

शुभांगीताई: त्या आठांत भारत नव्हता, काका.

मंजिरी: ताई, तो प्रयोग बसवणाऱ्या मेरी एन्सवर्थ आधी युगांडातल्या घरांत बसल्या होत्या. मग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये २६ घरं, दर तीन आठवड्यांनी चार-चार तास, बाळाच्या पहिल्या वर्षात घरटी साधारण ७२ तास. खोलीतल्या वीस मिनिटांना अर्थ आला तो त्या ७२ तासांमुळे. आपण वीस मिनिटं उचलली आणि घरी बसणं सोडून दिलं, याचं मला फार वाईट वाटतं. बडोद्यात आधी घरांत बसायला हवं. आजीबरोबर, सांभाळणाऱ्या बाईबरोबर बाळ कसं असतं ते वेगळं लिहायचं. बाई गुजराती आणि आई मराठी असेल तर कुणाजवळ कुठल्या भाषेत शांत होतं, तेही.

अनिलकाका: आणि तीन वर्षांत पीएचडी?

मंजिरी: नाही होणार. पण पहिल्या वर्षाच्या नोंदी नीट ठेवल्या तर पुढचा विद्यार्थी तिथून सुरू करेल. विद्यापीठाच्या विभागाने वही सांभाळायची, एका माणसाने नव्हे.

सायली: माझी मुलगी सात महिन्यांची आहे, घरी सासूबाई आणि जाऊबाई. तुझ्या बहिणीला खुशाल पाठव. फक्त एक, पाहुणी बसलेली असताना आमच्याकडे कुणी बाळावर आवाज चढवणार नाही. मग खरं कसं दिसेल?

मंजिरी: पहिल्या दोन-तीन भेटींतलं मोजायचंच नाही, सायली. पुढे तिच्यासाठी वेगळा चहा टाकणं बंद झालं की लिहायला सुरुवात. सोमवारी दुपारी चालेल?