शेजाऱ्याचं बघून बीबीएफ (रुंद वरंबा-सरी, म्हणजे बेड पाडून पेरणी) करावं का?

काळी_माती_लातूर:
मंडळी, आमच्या गावात सोयाबीन सगळे सपाट रानावरच पेरतेत. मागच्या साली कृषी सहायकानं एका प्लॉटवर बीबीएफचं प्रात्यक्षिक घेतलं, पीक चांगलं आलं, फोटो बिटो काढले, पण नंतर एकानं पण केलं नाही. यंदा माझ्या बांधाला लागून काकांनी बेडवर टोकण केली (एकेक बी टोचून लावलं), झडीच्या पावसात त्यांचं पाणी सरीतून निघून गेलं अन् माझं रान पिवळं पडलं, तर आता रोज कोणीतरी त्यांच्या बांधावर उभं असतंय. हे असं का होतं? अन् मी पुढच्या साली सगळ्या ५ एकरावर करू का?

बांधावरचा_माणूस:
सोप्पंय भाऊ, प्रात्यक्षिकाला बियाणं औषध फुकट मिळतं हे गावाला माहीत असतंय, मग लोक म्हणतेत त्याचं काय जातंय. काकांनी स्वतःच्या खिशातले घातलेत.

आयोवा_ते_औसा:
अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं असंच झालं होतं. रायन अन् ग्रॉस यांचा १९४३ चा अभ्यास आहे, २५९ शेतकरी. बियाण्याची पहिली खबर बऱ्याच जणांना कंपनीच्या सेल्समनकडनं लागली, पण पटलं ते शेजाऱ्यामुळं. आणि पटल्यावरही बहुतेकांनी आधी थोड्याच रानात लावून बघितलं, एकदम सगळं नाही. तुम्ही पण एकच एकर करा.

मुरमाड_रान:
पण शेजारी म्हणजे रान सारखंच असं नसतं ना. हरितक्रांतीच्या काळावर कैवन मुन्शी यांचा पेपर आहे, गहूवाले शेजाऱ्यांचं बघून नवीन वाण घेत गेले, भातवाल्यांवर शेजाऱ्याचा असर कमी, कारण भाताच्या त्या वाणांचं उत्पन्न जमिनीप्रमाणं फार बदलायचं, त्याचं आलं म्हणजे माझं येईल याची खात्री नाही. काकांचं रान काळं भारी अन् तुमचं पण तसंच असेल तर ठीक. माझ्या मुरमाडात पाणी साचतच नाही, मी कशाला बेड पाडू.

फवारणी_नको:
आणि चुकीचं पण असंच पसरतं बरं का!! एकानं तीन औषधं एकत्र कालवून मारली की तिसऱ्या दिवशी सगळ्या शिवारात तेच, कीड आहे का नाही कोण बघतंय.

काळी_माती_लातूर:
रान दोघांचं एकाच पट्ट्यात आहे, काळंच. मग पाणी साचतं त्या तुकड्यात १ एकर करतो. बीबीएफ यंत्र भाड्यानं कुठं मिळेल?

बांधावरचा_माणूस:
काकांनी कुठनं आणलं ते विचारा की 😀