धाकटा भाऊ जर्मनीला निघालाय, तिथं रुळायला काय करावं? सल्ला हवाय

मंगळवारपेठकर: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सप्टेंबरअखेर मास्टर्सला स्टुटगार्टला चाललाय. व्हिसा, ब्लॉक अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, सगळं झालंय. काळजी वेगळीच आहे. पोरगा तालमीत वाढलेला, संध्याकाळी घरात पाय ठरत नाही. बाहेर येऊन हाक मारली की चार जण गोळा. तिथं एकटा कसा राहणार? राहून आलेल्यांनी मोकळेपणानं सांगा.

पन्हाळ्याची लेक: दादा, पहिला महिना निर्धास्त राहा, तेव्हा सगळंच छान वाटतं. त्रास नोव्हेंबरात सुरू होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं जातं, मग साडेचार-पाचलाच अंधार पडतो. भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. तो कॉलेजातून खोलीवर येईपर्यंत तुमच्याकडं जेवणं उरकून निजानीज झालेली असते. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं 1960 मध्येच हे टप्पे मांडलेत: आधी भुरळ, मग चिडचिड आणि घरची ओढ, मग हळूहळू सावरणं. भावाला हे आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटून पोरं गप्प होतात.

आणखी एक. मी रात्री साडेदहाला कुकर लावला होता. सकाळी दाराला चिठ्ठी: दहानंतर शांतता पाळावी, खाली नाव आणि सही. फार लागलं मनाला. पण त्याच बाई जिन्यात भेटल्यावर हसून बोलल्या. तिथं राग धरून बसण्यापेक्षा लिहून सांगतात, एवढंच.

शिरोलीचा फौंड्रीवाला: भावा, पोरगं फुटबॉल खेळतं का? खेळत असेल तर निम्मं काम झालं. तिथं कट्ट्यावर ओळखी होत नाहीत, क्लबात होतात. त्याला फेराइन म्हणतात, गावोगावी असतात. वर्गणी भरायची, ठरलेल्या वारी सरावाला जायचं. भाषा मोडकी असली तरी पास दिला की माणसं नावानं हाक मारायला लागतात. सराव झाल्यावर सगळे बसतात, तेव्हा घाईनं खोलीवर पळायचं नाही. खरी ओळख तिथंच होते. वेळेआधी पाच मिनिटं पोचायचं, आणि न सांगता कुणाच्या दारात जायचं नाही.

मंगळवारपेठकर: खेळतो की, हाफला! लई बरं वाटलं वाचून. आईनं तूप, पेढे आणि चटणी काढून ठेवलीय. चालेल ना?

पन्हाळ्याची लेक: तूप-पेढे नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण चटणी खुशाल द्या, नीट बंद करून मोठ्या बॅगेत. रविवारी दुकानं बंद असतात, बाजार शनिवारीच करायचा. खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा.

राजारामपुरी काकू: बाळा, माझी मुलगी तिकडंच आहे. रोज तासभर व्हिडिओ कॉल करू नका, त्याचा जीव इथंच अडकून राहील. आठवड्यातून दोनदा निवांत बोला. झोप उडाली, खाणं सुटलं आणि तसंच आठवडे चाललं, तर विद्यापीठांशी जोडलेलं स्टुडिअरेंडेनवेर्क असतं, तिथं समुपदेशक भेटतात. त्याला जायच्या आधीच सांगा की तिथं गेलास तर घरी कुणी नावं ठेवणार नाही.