अ‍ॅटलसवर हाडाचा पूल, आणि एका मणक्याला दोन भोकं

प्रथमवर्ष_एमबीबीएस
मानेच्या सुट्या मणक्यांच्या संचात दोन गोष्टी खटकतायत. अ‍ॅटलसच्या (मानेच्या पहिल्या मणक्याच्या) डाव्या बाजूला सुपीरियर आर्टिक्युलर फॅसेटच्या (कवटी टेकते त्या सांध्याच्या पृष्ठभागाच्या) मागच्या कडेपासून पोस्टीरियर आर्चपर्यंत (मणक्याच्या कड्याच्या मागच्या भागापर्यंत) हाडाची कमान आहे. उजवीकडे नुसता काटा. दुसऱ्या एका मणक्याला उजव्या बाजूला फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियम (मणक्याच्या बाजूच्या फाट्यातलं भोक) दोन आहेत. तो सी-६ की सी-७ (मानेचा सहावा की सातवा मणका)?

हाडंच_हाडं
कमान म्हणजे पॉन्टिक्युलस पोस्टिकस, तिच्याखालचं भोक आर्क्युएट फोरामेन. त्यातून व्हर्टिब्रल आर्टरी (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) आणि सबऑक्सिपिटल नर्व्ह (मानेची पहिली नस) जातात. उजवा काटा मात्र भिंगाखाली धरा. टोक गुळगुळीत असेल तर पूल मुळातच अर्धा. टोकाला जाळीदार स्पंजी हाड उघडं दिसलं, तर पूल पूर्ण असू शकेल आणि डब्यातल्या आदळआपटीत मोडला. हे न बघता 'इन्कम्प्लीट' लिहू नका.

दोन भोकांतून बारीक तार घालून बघा. दोन्ही आरपार हवीत, नाहीतर एखादा खड्डाच भोक समजून मोजला जातो. लहान भोक बहुधा मागच्या बाजूला असतं.

डिसेक्शन_हॉल
स्पायनस प्रोसेस (मणक्याचा मागचा काटा) लांब आणि टोकाला न दुभंगलेला, अँटीरियर ट्यूबरकल (बाजूच्या फाट्यावरचा पुढचा उंचवटा) नावापुरता, भोक लहान: सी-७. ट्यूबरकल ठसठशीत असेल तर सी-६. तोच कॅरॉटिड ट्यूबरकल. आर्टरी सहसा सी-६ मधून वर चढते, सी-७ च्या भोकातून शिराच जातात, म्हणून ते बारीक. भोकच नसेल आणि बॉडीच्या (मणक्याच्या मुख्य भागाच्या) बाजूला बरगडीचा फॅसेट असेल, तर तुमच्या हातात टी-१ (छातीचा पहिला मणका) आहे. संचांत ही सरमिसळ फार चालते.

स्पाइन_ओटी
पुलाबद्दल एक भर. लॅटरल (बाजूने काढलेल्या) एक्स-रेत पुलामुळे आर्च जाड भासते. त्या भरवशावर मानेचे मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत ३.५ मिमीचा स्क्रू आर्चमधून घातला, तर तो थेट आर्टरीत शिरू शकतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्क्रू आर्चच्या खालून सरळ लॅटरल मासमध्ये (मणक्याच्या बाजूच्या जाड भागात) जातो. तरीही पूल दिसला की आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करून आर्टरीची वाट दोन्ही बाजूंनी बघावी. चक्कर, डोकेदुखी यांचं खापर या पुलावर फोडण्याची घाई नको. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो, तो भलत्याच कारणासाठी काढलेल्या फिल्मवर सापडतो.

प्रथमवर्ष_एमबीबीएस
स्पायनस प्रोसेस दुभंगलेला, ट्यूबरकल मोठा. म्हणजे सी-६. काट्याचं टोक जाळीदार निघालं.

हाडंच_हाडं
मग लेबलवर 'उजवीकडे मोडलेला, मूळ स्वरूप अनिश्चित' एवढंच लिहा.