मदत हवी आहे: बेलापूरच्या अंगणात शिल्प ठेवायचंय, पण आमच्या घराला शोभेल असं कोणतं?

सदाफुली

नमस्कार मंडळी,

बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आमचं बैठं घर आहे. पुढे साधारण बारा बाय पंधरा फुटांचं अंगण, कोपऱ्यात जुना आंबा, एका बाजूला पांढरी भिंत आणि तिच्या कडेने अळू नि कर्दळ. यंदा पाऊस संपला की अंगणाची डागडुजी करायची आहे, आणि त्यातच एखादं शिल्प बसवून घ्यावं असं डोक्यात आहे. बजेट पंचवीस-तीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही.

अडचण अशी की घरात माणसं चार आणि मतं पाच. सासूबाईंना बासरीवाला कृष्ण हवाय. नवऱ्याला स्टीलचं काहीतरी 'मॉडर्न' हवंय, म्हणजे नक्की काय ते त्यालाही सांगता येत नाही. लेकीला फ्लेमिंगो. मी तिला म्हटलं, अगं, रस्त्याने येता-जाता दिसतात तेवढे पुरे नाहीत का? मला स्वतःला एका नर्सरीत बुद्धाचं शिर आवडलं होतं, फायबरचं, पाण्याच्या कुंडात ठेवलेलं.

नेटवर सगळीकडे लिहिलंय की आधी तुमची स्टाइल ओळखा: क्लासिक, झेन, रस्टिक, कंटेम्पररी. मी चारही खोक्यांत थोडी थोडी बसते आणि एकातही धड मावत नाही. घरात म्हणाल तर आजीची तांब्याची घंगाळं आहेत, शिसवी झोपाळा आहे, हातमागाच्या चादरी आहेत, भिंतीवर वारलीचं एक मोठं चित्र आहे. आता ही कुठली स्टाइल ते जाणकारांनी सांगावं. शिवाय आपल्याकडच्या पावसात आणि खाडीच्या वाऱ्यात काय टिकतं, आणि अशा वस्तू जवळपास कुठे बघाव्यात, हेही सांगा.

नेरुळनिवासी

फ्लेमिंगोला नकार दिल्याबद्दल अभिनंदन. वंडर्स पार्कात सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, चौकात फ्लेमिंगो आहेत, शहराने हौस भागवलेली आहे. घरात साधंच असू द्या. तुळशीवृंदावन आहे का तुमच्याकडे? तेही शिल्पच की.

पिंपळपान

सदाफुली, तुमचा हेतू वाईट नाही हे कळतं, म्हणूनच लिहितेय. आमच्याकडे बुद्धमूर्ती वंदनेच्या जागी असते. धडावेगळं शिर कारंज्याखाली किंवा कुंडात पाहिलं की पोटात कालवतं. ही शिरं सजावटीत आली कुठून तेही बघा. आग्नेय आशियातल्या विहारांमधल्या आणि पडक्या मंदिरांमधल्या मूर्तींची डोकी चोरांनी तोडून विकली, कारण अख्खी मूर्ती हलवणं अवघड. संग्राहकांनी ती मांडली आणि पुढे त्याच तुटलेल्या डोक्यांच्या नकला बागेसाठी निघू लागल्या. बुद्ध हवाच असेल तर पूर्ण मूर्ती घ्या, उंचावर बसवा, चपलांच्या स्टँडशेजारी नको. एवढीच विनंती.

सदाफुली

पिंपळपान, हे खरंच माहीत नव्हतं. शिर यादीतून बाद. धन्यवाद.

कोलशेतची काकू

कृष्णाबद्दल बोलते. अंगणात देव आला की दिवाबत्ती आली, सोवळं-ओवळं आलं, गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली आली. सासूबाईंना सरळ विचारा: कृष्ण चार महिने भिजणार, कावळा डोक्यावर बसून घाण करणार, मांजर पायाशी झोपणार, चालेल का? आमच्या आईंना विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच "नको गं बाई" म्हटलं. त्यापेक्षा वृंदावन चांगलं घडीव दगडाचं करून द्या. त्यांना पूजेला जागा मिळेल आणि तुमचं शिल्प तुम्हाला मोकळं राहील.

मानपाड्याचा मन्या

वहिनी, जुना माल विकणाऱ्यांकडे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड), मंदिराचे खांब वगैरे मिळतात असं ऐकलंय. तसलं एखादं ठेवलंत तर अंगणाला एकदम भारदस्तपणा येईल.

छिन्नीहातोडा

मन्या, कृपया हा सल्ला देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं शिल्प ही पुरावस्तू ठरते. विकणाऱ्याला परवाना लागतो आणि दगडी शिल्प बाळगणाऱ्याला पुरातत्त्व खात्याकडे नोंद करावी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी वीरगळ कुठल्या तरी गावाच्या वेशीवरून उचललेला असतो. गावकरी त्याला शेंदूर लावत असतात हो. जुनंच हवं तर घरगुती वापरातलं घ्या: मोडीत निघालेलं जातं, उखळ, गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी.

आता सदाफुलींच्या मूळ प्रश्नाकडे. मी जे.जे.ला शिल्पकला शिकलो, सध्या घोडबंदर रोडला राहतो, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

झेन-रस्टिक वगैरे नावं दुकानदाराच्या सोयीची. तुम्ही घरातल्या वस्तूंची जी यादी दिलीत तिच्यातच उत्तर आहे. घंगाळं, झोपाळा, हातमाग, वारली. यातली एकही वस्तू चकचकीत नाही. सगळ्यांवर माणसाचा हात फिरलेला दिसतो: घंगाळाच्या पोटावर ठोके असणार, हातमागाच्या काठाला थोडी वाकडी ओढ असणार. नवऱ्याला आवडणारं आरशासारखं स्टील किंवा नर्सरीतलं साच्यातून काढलेलं फायबर या घरात कायम पाहुण्यासारखं बसेल. तुम्हाला हाताने केलेलं, गोलसर, बिनचमकेचं काहीतरी हवंय. तुम्ही ते आधीच निवडत आलाय, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

दुसरं, वस्तू ठरवायच्या आधी जागा ठरवा. आंब्याखाली आणि पांढऱ्या भिंतीपुढे एकच शिल्प दोन वेगळी शिल्पं होतात. काळा पाषाण गर्द सावलीत ठेवलात तर त्यावरचं काम दिसतच नाही. नाक, बोटं, वस्त्राच्या चुण्या सगळं काळ्यात काळं मिसळून नुसता ठोकळा उरतो. तोच दगड पांढऱ्या भिंतीपुढे, सकाळचं ऊन एका बाजूने येईल असा ठेवा, मग बघा. झाडाखाली उलट भाजलेली माती किंवा पिवळसर वालुकाश्म उठून दिसतो. अळूच्या हिरव्यात मातीचा लाल रंग तर हमखास खुलतो. समोरून दिवा लावला की शिल्प सपाट दिसतं, म्हणून दिवा नेहमी बाजूने आणि खालून.

उंचीचं गणित बसून करा. झोपाळ्यावर किंवा पायरीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असते. शिल्पाचा मुख्य भाग तिथे आला पाहिजे. घरातले रिकामे खोके एकावर एक रचून त्या जागी आठवडाभर ठेवा. जाता-येता अडतंय का, शेजारच्या ओट्यावरून काय दिसतं, संध्याकाळी सावली कुठे पडते, सगळं कळतं. तुमच्या वसाहतीत हे जास्तच महत्त्वाचं. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात ती आखली तेव्हा सात-सात घरांचे पुंजके करून मधे सुमारे आठ मीटरचा सामाईक चौक ठेवला. तुमचं शिल्प शेजाऱ्यांच्याही रोजच्या बघण्यात येणार, तेव्हा आधी त्यांच्याशी बोललेलं बरं.

आता टिकाऊपणा. काळा पाषाण आणि ग्रॅनाइट आपल्याकडे काहीही झेलतात. संगमरवर पावसाने हळूहळू खरखरीत होतो, आणि वर जांभूळ असेल तर बोलायलाच नको. लोखंड खाडीच्या वाऱ्यात फार लाड मागतं. बस्तरचं लोखंडी काम मला स्वतःला अतिशय आवडतं, पण ते पडवीत, पावसाच्या आत. गंजाचा सुंदर थर येऊन आपोआप थांबतो असं सांगून एक महागडं पोलाद विकतात. ते कोरड्या हवेत खरं, खारट हवेत तो थर धड बसत नाही. स्टीलच घ्यायचं तर ३०४ ग्रेडवर तांबूस डाग पडतात, ३१६ ग्रेड विचारा, आणि मग किंमतही विचारा. सिमेंटचं काम स्वस्त असतं, पण आतली सळई वरवर असेल तर दोन-चार पावसाळ्यांत गंजून फुगते आणि तडा जातो. पितळ हिरवं पडतं, त्याने काही बिघडत नाही, फक्त उघड्यावर ठेवलेलं पितळ भंगारवाल्यांना फार लवकर दिसतं.

भाजलेल्या मातीला लोक उगाच घाबरतात. थंड मुलखात मातीत मुरलेलं पाणी गोठतं आणि ती फुटते. आपल्याकडे गोठायचा प्रश्नच नाही. भाजणी पक्की हवी, एवढंच. बोटाच्या पेराने वाजवून बघा: खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर एक तर कच्ची आहे किंवा कुठेतरी चीर आहे. शेवाळ येणारच, येऊ द्या. नकोच असेल तर नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी. ॲसिड कुठल्याही शिल्पाला लावू नका, शहाबादी फरशीला तर मुळीच नाही, तो चुनखडी दगड आहे.

तुम्ही मत विचारलंत म्हणून सांगतो: मोठा रांजण. कोरलेला नाही, रंगवलेला नाही, कमरेएवढा साधा रांजण आंब्याखाली अळूत ठेवा. त्याच्या पोटाची एकच वळणदार रेघ असते आणि तीच बघत बसावीशी वाटते. तुमच्या यजमानांना जे मॉडर्न म्हणायचंय ते यापेक्षा फार वेगळं नसावं. खाली जांभ्याच्या चिऱ्याचा बुटका चौथरा करा. रांजणाच्या बुडाला भोक पाडून घ्या आणि खाली कौलाचे तीन तुकडे ठेवा. पाणी साठलं तर आठवड्या-दीड आठवड्यात डास तयार होतात, आणि डेंग्यूचा डास नेमका असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

खारघरचा पाहुणा

उत्तम प्रतिसाद. आमची गच्चीवरची बाग आहे, तिथे दगडी शिल्प चालेल का?

छिन्नीहातोडा

जपून. एक घनफूट काळा दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो. वापरातल्या गच्चीसाठी आपल्या मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात, आणि त्यात तुमच्या कुंड्या, ओली माती, माणसं सगळं आलं. दोन फुटांची मूर्ती एका बिंदूवर उभी राहणार. इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. गच्चीसाठी फायबर किंवा पोकळ माती ठीक. आणि बसवताना स्लॅबला भोक पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंगची वाट लागते.

नेरुळनिवासी

सदाफुली, खरेदीआधी एकदा अलिबागजवळ सासवण्याला जाऊन या. शिल्पकार नानासाहेब करमरकर (१८९१-१९६७) यांच्या राहत्या घरी त्यांच्या कामांचं संग्रहालय आहे. झाडांच्या सावलीत, कोकणच्या पावसात शिल्प कसं दिसतं याचा अंदाज कॅटलॉगवरून येत नाही. तिथली म्हैस चुकवू नका. तुमच्याकडून पेण-वडखळ मार्गे सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.

सदाफुली

सगळ्यांचे मनापासून आभार. खोके रचले आहेत, आंब्याखाली. नवऱ्याने रांजणाचे फोटो बघून "हे चालेल" म्हटलंय, जे त्याच्याकडून पुष्कळ झालं. सासूबाईंना वृंदावनाची कल्पना पटली, पण दगड त्या स्वतः बघणार आहेत. लेक रुसली आहे, तिच्यासाठी पाण्याचं पसरट मातीचं भांडं घेऊ, चिमण्या-बुलबुल आले तर फ्लेमिंगो विसरेल. आता शेवटचं: एवढा मोठा रांजण धारावीच्या कुंभारवाड्यात मिळेल का, की आणखी कुठे जाऊ?

छिन्नीहातोडा

कुंभारवाड्यातच बघा, पण दिवाळी उरकल्यावर जा. त्याआधी सगळे हात पणत्यांत गुंतलेले असतात, मोठ्या कामाकडे कोणी नीट लक्ष देणार नाही. तयार मापाचा नसेल तर उंची आणि पोटाचा घेर सांगून करून मागा. एक कागदी नमुना कापून नेलात तर बोलणं सोपं जातं. भट्टीतून निघालेले दोन-तीन शेजारी शेजारी ठेवायला सांगा. ज्यावर एका बाजूला धुराचा काळा पट्टा आलाय तो बरेच जण नाकारतात, मी तोच उचलेन.

कोलशेतची काकू

आणि येताना लोकलच्या मालडब्याचा विचारही करू नका, कुर्ल्याला गाडी बदलताना जीव जाईल. छोटा टेम्पो करा, खाली जुनी गादी घाला आणि काठाला गोधडी गुंडाळा. रांजण पोटाला फुटत नाही, टवका उडतो तो काठाचाच.