अनुभव धागा : बेकचे अल्बम आणि आपण खानदेशी श्रोते

१९७० साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या अमेरिकी गायक-गीतकार बेक हॅन्सनचे अल्बम खानदेशात ऐकणारे आपण किती जण असू, याचा मला कधीच अंदाज नव्हता. जळगावात वीस-पंचवीस वर्षे मी स्वतःला एकटाच समजत आलो. गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा मोबाइल वाजला आणि त्यातून बेकच्या ‘लूझर’ या गाण्याची ती घसरत खाली येणारी गिटार ऐकू आली, तेव्हा हातातली बट्टी चुरायची थांबवून मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. हा धागा त्या पंगतीतून निघाला आहे.

माझी सुरुवात ‘ओडेले’ या अल्बमपासून झाली. पुण्यात शिकत असताना जुन्या कॅसेटींच्या ढिगातून तो उचलला, तो केवळ मुखपृष्ठावरच्या चित्रामुळे. अंगावर जटांचे भारे असलेला कोमोंडोर जातीचा कुत्रा अडथळ्यावरून उडी मारतो आहे, असे ते चित्र आहे. सुट्टीत घरी आलो तेव्हा आईने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “हाई मेंढी शे का कुत्रं शे?” माझ्या मते त्या अल्बमबद्दल विचारण्यासारखा नेमका प्रश्न हाच आहे. ते रॅप आहे, ब्लूज आहे की गावाकडचे लोकगीत आहे, हे आजही मला ठरवता येत नाही. बेकच्या या वळणाची चुणूक ‘लूझर’मध्येच दिसली होती. हे गाणे १९९३ साली एका छोट्या कंपनीने अवघ्या पाचशे प्रतींत काढले आणि पुढच्याच वर्षी ‘मेलो गोल्ड’मधून ते जगभर गेले. १९९४ या एकाच वर्षात त्याचे तीन अल्बम आले, आणि तिन्हींचा पोत वेगळा आहे.

आपणही लिहावे. अल्बम कोणता, तो कुठे भेटला आणि आता ऐकताना कानात नेमके काय उरते, एवढे आले तरी पुरे. ‘मला फार आवडतो’ एवढ्यावर मात्र थांबू नये.

धुळ्याहून

मी अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो. आमच्याकडे एक गाणे बहुधा एका दिवसात उरकते : ढोलकीचा तयार ट्रॅक, कॅसिओवर काढलेली सनई, गायकाचे दोन टेक आणि शेवटी लग्नातल्या डीजेला चालेल एवढा खर्ज. त्यामुळे १९९६ सालचा ‘ओडेले’ मी ऐकला तो धंद्याच्या कानाने. बेकने तो डस्ट ब्रदर्स या निर्मात्या जोडीबरोबर केला. जुन्या तबकड्यांतले तुकडे कापून त्यांचे लूप फिरवायचे आणि त्यांवर गिटार, ऑर्गन, हार्मोनिका प्रत्यक्ष वाजवून थर चढवायचे, ही त्यांची रीत. ‘जॅकॅस’ या गाण्याखाली सतत फिरणारा तुकडा बेलफास्टच्या ‘देम’ या बँडच्या साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणातला आहे. मी तो हेडफोन लावून अनेकदा ऐकला, कारण मला जोड सापडत नव्हता. आमच्या लूपमध्ये जोडाशी बारीकसा झटका बसतो आणि तो लपवायला आम्ही तिथे झांज मारतो. येथे मात्र जुना तुकडा आणि नवे वादन एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतात. जुन्या तबकडीचा धुरकटपणा पुसून न काढता नव्या वाद्यांनाही त्यांनी थोडे धुरकट केले, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे गेली. तेव्हापासून मी स्वच्छ आवाजाचा हट्ट सोडला. गायक तक्रार करतात, ते असो. गाण्याच्या अखेरीस गाढव ओरडते. माझ्या मदतनिसाला वाटले की ते खिडकीबाहेर ओरडले, आणि तो हाकलायला उठलादेखील.

भुसावळहून, संगीत शिक्षिका

पाश्चात्त्य गाण्यात सतार आली की मी आधीच कपाळाला आठी घालते, कारण बहुतेक वेळा ती हॉटेलच्या भिंतीवर टांगलेल्या नक्षीसारखी असते. १९९८ सालच्या ‘म्यूटेशन्स’मधल्या ‘नोबडीज फॉल्ट बट माय ओन’ या गाण्यात सतार आणि तंबोरा आहेत, असे विद्यार्थ्याने सांगितले, तेव्हा मी त्याच तयारीने ऐकायला बसले. तंबोऱ्याच्या झंकारावर गाणे टेकून बसले आहे, आणि गाणाऱ्याला कुठेही जायची घाई नाही. बेकचा आवाज तसा सपाट आहे, मुरक्या त्याला येत नाहीत आणि तो आणायचा प्रयत्नही करत नाही. स्वर धरून ठेवण्याचा त्याचा संयम मात्र माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावा. निर्माते नायजेल गॉडरिच यांच्याबरोबर हा अल्बम सुमारे दोन आठवड्यांत झाला. त्याच अल्बममध्ये ब्राझीलमधल्या साठच्या दशकातल्या कला-संगीताच्या चळवळीचे नाव घेतलेले ‘ट्रॉपिकालिया’ हे गाणे आहे, आणि त्याचा ठेका मला अजून नीट मोजता आलेला नाही.

चाळीसगावहून

माझे ठरलेले लग्न २०११ साली मोडले. कारणे लिहीत नाही, ती सगळीकडे सारखीच असतात. नोकरी औरंगाबादला होती आणि दर सोमवारी पहाटेच्या बसने कन्नड घाट चढावा लागे. भावाने मोबाइलमध्ये ‘सी चेंज’ भरून दिला आणि हा अल्बम बेकने नऊ वर्षांचे नाते तुटल्यावर लिहिला, एवढेच सांगितले. २००२ सालच्या या अल्बममध्ये आधीची कोलांट्याउड्या मारणारी शब्दकळा नाही, विनोद नाही, तबकड्यांचे तुकडे नाहीत. साधी गिटार आहे आणि खाली उतरलेला, थकलेला आवाज आहे. ‘लोनसम टिअर्स’च्या शेवटी व्हायोलिने पायरी-पायरीने वर चढू लागतात आणि आता थांबतील, आता थांबतील असे वाटत असताना चढतच राहतात. एका सोमवारी ट्रक बंद पडून घाटात वाहतूक खोळंबली होती आणि आमची बस पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढे जाऊन पुन्हा थांबत होती. ते गाणे मी त्या दिवशी लागोपाठ सहा वेळा ऐकले. शेजारच्या मावशींनी न विचारता पिशवीतून पेरू काढून माझ्या हातावर ठेवला.

या व्हायोलिनांची बांधणी बेकचे वडील डेव्हिड कॅम्पबेल यांनी केली आहे, हे मला पुढे कळले. मुलाचे दुःख समोर आहे आणि बाप त्याबद्दल चकार शब्द न काढता आपल्याला येणारे काम नीट करतो आहे, असे मला तेव्हापासून त्या गाण्यात ऐकू येते. आमचे नाना त्या काळात माझ्याशी लग्नाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. साखरपुड्यात आलेल्या साड्या मात्र त्यांनी स्वतः घडी करून, यादीवर एकेक टिचकी मारत, मोटारसायकलवरून परत नेऊन दिल्या.

‘मॉर्निंग फेज’ २०१४ साली आला. ‘सी चेंज’चे बरेचसे वादक त्यात पुन्हा आहेत आणि व्हायोलिनांमागे वडीलही आहेत. त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला, तेव्हा मी बाळंतपणासाठी माहेरी होते. तो चांगलाच आहे, पण माझा नाही.

अमळनेरहून

वेगळे मत नोंदवतो. ‘मिडनाइट व्हल्चर्स’ हा १९९९ सालचा फंक-प्रकार मला वीस मिनिटांच्या पुढे सहन होत नाही. पहिल्याच गाण्यात पितळी वाद्यांच्या गजरात बँजो घुसतो, ती गंमत मान्य आहे. पण नंतर वरातीतल्या डीजेसमोर खुर्ची टाकून बसल्यासारखे वाटते. बाकी अल्बमांबद्दल वाद नाही.

शहाद्याहून

आमचे कुटुंब वडिलांच्या बदलीमुळे साताऱ्याहून शहाद्याला आले. वर्गात अहिराणी, गुजरी आणि भिल्ली चालत असे. मी पाठ्यपुस्तकातले मराठी बोलायचो, म्हणून मला सगळे ‘पुस्तक’ म्हणत. २००५ सालच्या अल्बमचे ‘ग्वेरो’ हे नाव मेक्सिकन स्पॅनिशमध्ये गोऱ्या माणसाला मारायची हाक आहे आणि बेक लॅटिनो वस्तीत लहानाचा मोठा होताना ती ऐकत आला, हे वाचल्यावर मला त्या अल्बममधल्या एका गाण्यातली गल्ली लगेच ओळखता आली. चिडवणारी पोरे, ओरडणारे विक्रेते आणि दोन भाषांची सरमिसळ तीत आहे. चिडवण्यात दुष्टावा नसतो, पण आपण बाहेरचे आहोत हे विसरूही दिले जात नाही. आज मी घरात अहिराणीच बोलतो. मित्र अजूनही ‘पुस्तक’च म्हणतात.

साक्रीहून

‘द इन्फर्मेशन’ची सीडी २००६ साली आली, ती कोऱ्या मुखपृष्ठाची. आत चिकटवायची चित्रे दिलेली होती. ज्याने त्याने आपले मुखपृष्ठ आपण तयार करायचे. ही चित्रे म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवलेले गैरवाजवी आमिष ठरवून ब्रिटनच्या विक्रीयादीतून हा अल्बम वगळण्यात आला होता. आमच्याकडची सगळी चित्रे मुलीने फ्रिजवर चिकटवली. मुखपृष्ठ कोरेच राहिले, फ्रिज बदलला.

नवापूरहून

अमेरिकेतल्या आतेभावाने मला ‘साँग रीडर’ पाठवला. २०१२ सालचा हा अल्बम म्हणजे वीस गाण्यांची छापील स्वरलिपी आहे. ध्वनिमुद्रण नाहीच, गाणी ज्याची त्याने वाजवून घ्यायची. मला स्वरलिपी वाचता येत नसल्यामुळे अल्बम वर्षभर कपाटात मुका पडून होता. शेवटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या काकांकडे तो नेला. त्यांनी चष्मा पुसला, ‘ओल्ड शांघाय’चे पान स्टँडवर लावले आणि पहिल्याच दमात चाल वाजवून दाखवली. नाताळच्या तयारीसाठी आलेले बँडपथकातले क्लॅरिनेटवाले दादा दारात उभे होते. त्यांना लिपी येत नाही, सगळे कानावर. दोनदा ऐकून त्यांनी चाल उचलली आणि तिसऱ्या खेपेला तिच्यात आपल्या दोन हरकती घातल्या. ताशेवाल्याने वरातीचा ठेका धरला. काका नाराजीने मान हलवत राहिले, पण ऑर्गन त्यांनी थांबवला नाही.

२०१४ साली ही गाणी वेगवेगळ्या गायकांनी ध्वनिमुद्रित केली. त्यातले ‘ओल्ड शांघाय’ मी दादांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले, इअरफोन काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “त्यासनी चाल चुकनी.”