सांभर सरोवर: एकच दिवस आहे, रोहित (फ्लेमिंगो) बघायला नेमकं कुठे थांबू?

मेघना_सातारा
डिसेंबरच्या शेवटी भाचीचं लग्न आहे जयपूरला. दुसरा दिवस मोकळा आहे, तो सांभरला द्यायचा ठरवलाय. सोबत आई असेल, वय ७१. गुडघे दुखतात, पण पक्ष्यांसाठी पहाटे चारलाही उठते. भिगवणला आम्ही नावेतून रोहित पाहिलेत. सांभरचा नकाशा बघून मात्र डोकं गरगरलं, एवढं मोठं खाऱ्या पाण्याचं तळं! दुर्बीण ८ बाय ४२ची आहे, स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) नाही. आणि २०१९मध्ये तिथे हजारो पक्षी मेले होते ना? आता आईला घेऊन जाणं ठीक आहे का?

अजिंक्य_ठाणे
ताई, गाडी करूनच जा. जयपूरहून साधारण ८० किमी पडतं. रेल्वेने सांभर लेक स्टेशनपर्यंत पोचाल, पण पुढे पाण्यापर्यंत फिरायला गाडी लागतेच. ड्रायव्हरला नुसतं 'सांभर' न सांगता 'झपोक' सांगा, ते तळ्याकाठचं गाव आहे.

पाणकाठ_नाशिक
मेघनाताई, अजिंक्यने बरोबर सांगितलंय. मी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघत मोठा झालो, सांभरला चार हिवाळे गेलोय. पहिल्या खेपेची चूक आधी सांगतो, कारण ती प्रत्येक नवा माणूस करतो.

लांबवर गुलाबी रेघ दिसली आणि मी कोरड्या पात्रातून तिच्याकडे चालत सुटलो. वरची मिठाची पापडी कडक वाटते, खाली काळा चिखल असतो. पोटरीपर्यंत पाय गेला. तोवर सगळा थवा उठला होता आणि दुपारपर्यंत परत टेकला नाही. त्यांचं अर्ध्या दिवसाचं खाणं माझ्यामुळे गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही पात्रात उतरू नका.

झपोकहून गुढ्याच्या दिशेने पाच किलोमीटरचा जुना दगडी बांध तळ्याला आडवा गेलाय. पश्चिमेला नैसर्गिक तळं, पूर्वेला मिठागरं. तळ्याचं पाणी पुरेसं खारट झालं की ते पूर्वेकडे घेतात. सकाळी बांधाजवळून पश्चिमेकडे तोंड करून बसलात की सूर्य पाठीशी येतो आणि रंग खरे दिसतात. त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तेव्हा जयपूर साडेचारला सोडा. दहानंतर हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून सगळं पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं. मिठागरांच्या हद्दीत शिरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा.

आईसाठी घडीची खुर्ची न्या. खरं तर तुम्हीही बसाच. बसलेल्या माणसाला पक्षी लवकर विसरतात. तासाभरात शेकाटे आणि चिखले हे काठाचे पक्षी अगदी जवळ येतात. थापट्या बदकं चोच पाण्यात धरून गोल गोल फिरत खातात, ते साध्या दुर्बिणीतूनही छान दिसतं. माझा सांभरचा सगळ्यात सुंदर तास रोहितांचा नव्हता, उचाट्या पक्ष्यांचा होता. वर वळलेली चोच डावी-उजवीकडे फिरवत वीस-पंचवीस जण एका ओळीत चालत होते. नुसत्या गुलाबी रेघेकडे बघत बसलात तर हे निसटेल.

२०१९बद्दल. नोव्हेंबरमध्ये आलेली ती साथ बोट्युलिझमची होती. जिवाणूंचं विष. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, विष अळ्यांत साठतं, त्या खाणारा पुढचा पक्षी लुळा पडतो. आधी पाय आणि पंख जातात, मग मान. मान सावरता न आल्याने कित्येक पक्षी वीतभर पाण्यात बुडून मरतात. म्हणून मेलेले पक्षी पटापट उचलणं, हाच ती साखळी तोडायचा उपाय. लांबून बघणाऱ्याला धोका नाही. लुळा पक्षी दिसलाच तर हात लावू नका, वनखात्याला लगेच कळवा.

मेघना_सातारा
काका, मनापासून आभार! आईला वाचून दाखवलं, तिने खुर्ची आत्ताच काढून ठेवली. तिचाच प्रश्न: तिथे दोन्ही जातींचे रोहित असतात म्हणे. ओळखायचे कसे?

पाणकाठ_नाशिक
आईंना नमस्कार सांगा. रंगावर जाऊ नका, चोच बघा. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. छोट्याची चोच जवळजवळ अख्खी गडद, लांबून काळीच वाटते. खाण्यातही फरक आहे. छोटा रोहित पाण्याच्या वरच्या थरातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, त्यामुळे त्याची चोच पृष्ठभागाशीच फिरत असते. मोठा मान पार खाली घालून तळाचा चिखल ढवळतो आणि त्यातले बारीक जीव टिपतो. अर्धं डोकं पाण्यात गेलेलं दिसलं तर बहुतेक मोठाच.

एक मात्र आईंना आधीच सांगून ठेवा. सांभरचं सगळं पावसावर आहे. मेंढा आणि रूपनगढ नद्यांतून पाणी कमी आलं की कडा कितीतरी आत सरकते, आणि पात्रातल्या बोअरवेल उरलंसुरलं खारं पाणीही ओढून घेतात. एका हिवाळ्यात मला बांधावरून नुसता पांढरा रखरखाट दिसला होता. निघायच्या आदल्या दिवशी झपोकमध्ये कुणाला तरी फोन लावून पाणी कुठवर आहे ते विचारायला ड्रायव्हरला सांगा.

अजिंक्य_ठाणे
आणि कानटोपी, मफलर न्याच. पहाटे तिथलं वारं फार बोचतं.