मदत हवी आहे: ४ जीबी रॅमचा फोन, दीड जीबी डेटा आणि अभ्यास. ब्राउझर कोणता घ्यावा?

पेठेतला_परीक्षार्थी

नमस्कार मंडळी. मी मूळचा परभणीकडचा, सध्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. लॅपटॉप नाही. वाचन, नोट्स, अर्ज, निकाल सगळं ४ जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर. फोनसोबत आला म्हणून आजवर क्रोमच वापरत आलोय.

चालू घडामोडींचं पान उघडलं की दोन ओळी मजकूर, मग जाहिरात, पुन्हा दोन ओळी, आणि खालच्या कोपऱ्यात एक व्हिडिओ आपला आपण सुरू. अभ्यासिकेत चुकून आवाज चालू असला की सगळ्या माना वळतात. रोजचा दीड जीबी संध्याकाळच्या आत संपतो. अभ्यासिकेचं वायफाय आहे, पण जेवणानंतर सगळेच त्यावर बसतात, मग ते असून नसल्यासारखंच.

त्याहून मोठं दुखणं अर्जांचं. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो किंवा फोटो लहान करायला दुसऱ्या ॲपमध्ये गेलो, की परत येईपर्यंत पान नव्यानं लोड होतं आणि भरलेलं सगळं जातं. शेवटच्या तारखेला ते संकेतस्थळ आधीच रडत असतं, त्यात हे.

एक रूममेट म्हणतो यूसी ब्राउझर टाक, टेलिग्रामवर एपीके (ॲप थेट टाकायची फाइल) फिरतंय. दुसरा म्हणतो ऑपेरा मिनी. मेसमध्ये एक आयफोनवाला भेटतो, त्याचं म्हणणं क्रोमच सगळ्यात भारी, त्याच्याकडे कसा पळतो बघ. मला पळणारा नको, टिकणारा पाहिजे. कृपया अनुभवी लोकांनी सांगा. 'नवीन फोन घे' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

जुनाजाणता

यूसीचं आधी मिटवू. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकसोबत यूसी ब्राउझरही होता. हे तुमच्याच अभ्यासक्रमातलं, रूममेटला विचारा कलम कुठलं ते. आणि टेलिग्रामवरून आलेल्या एपीकेमध्ये कुणी काय घालून दिलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. ज्यात पासवर्ड आणि ओटीपी टाकायचे, तो ब्राउझर प्ले स्टोअरबाहेरून घेऊच नये.

मिसळप्रेमी

ब्रेव्ह. डोळे मिटून ब्रेव्ह. जाहिराती आपोआप बंद, वेगळं काही टाकावं लागत नाही. सेटिंगमध्ये मीडियाखाली पार्श्वभूमीला व्हिडिओ चालू ठेवायची सोय आहे, म्हणजे स्क्रीन बंद करून व्याख्यानं ऐकता येतात. लकडी पुलावरून चालत जाताना माझं अर्धं ऐकणं होतं.

आयटीतली_आळशी

मी हिंजवडीत हेच काम करते (वेब पानं तपासायचं), म्हणून जरा सविस्तर.

आधी आयफोनवाल्या मित्राचं. ॲपलच्या नियमानुसार आयफोनवर ब्राउझर कुठल्याही नावाचा असो, पान दाखवणारं इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट, वापरावं लागतं. मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात यातून सूट मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणजे त्याच्या फोनवर पळतोय तो वरून क्रोम, आतून सफारी. तुझ्या क्रोमशी त्याची तुलनाच होत नाही.

अँड्रॉइडवर क्रोम, ब्रेव्ह, एज, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांचा पाया एकच, क्रोमियम. त्यामुळे 'हा त्यापेक्षा दुप्पट वेगवान' असल्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष कर. फरक पडतो तो पान उघडताना काय काय डाउनलोड होऊ दिलं जातं त्यानं. जाहिरातरोधक जाहिरात नुसती झाकत नाही, बहुतेक वेळा ती मागवतच नाही. डेटा वाचतो तो तिथे, आणि बातम्यांच्या पानांवर तर भरपूर वाचतो. मोबाइलवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, सोयच नाही, आणि जाहिरातींवर जगणारी कंपनी ती करून देण्याची घाई करेल असं मला वाटत नाही.

मी फायरफॉक्स सुचवेन. त्याचं इंजिन वेगळं आहे, गेको. मेन्यूतल्या एक्स्टेन्शन्समध्ये जाऊन 'यूब्लॉक ओरिजिन' हा जाहिरातरोधक घाल. पूर्वी मोजकीच एक्स्टेन्शन चालायची, डिसेंबर २०२३ पासून दार बरंच उघडलंय. लेखाच्या पानावर पत्त्याच्या पट्टीत वाचन दृश्याचं चिन्ह येतं. ते दाबलं की नुसता मजकूर उरतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. रात्री उशिरापर्यंत वाचणाऱ्यांसाठी पान काळं करणारं 'डार्क रीडर' आहे. पीडीएफ तिथल्या तिथे उघडते, त्यामुळे डाउनलोड फोल्डरात भरतीच्या एकाच जाहिरातीच्या सतरा प्रती साठत नाहीत.

खोट दाखवायची तर, कमी रॅमच्या फोनवर तो क्रोमपेक्षा थोडा जड वाटतो. आणि फक्त क्रोमवर तपासून सोडून दिलेली संकेतस्थळं आपल्याकडे पोत्यानं आहेत, ती अधूनमधून रुसतात.

ब्रेव्हही चांगलाच आहे, मिसळप्रेमींशी भांडण नाही. पण त्यातलं ते क्रिप्टोचं प्रकरण आणि रिवॉर्ड्स पहिल्याच दिवशी बंद करून टाक. २०२० मध्ये काही पत्ते टाइप करताना हा ब्राउझर आपला कमिशनचा दुवा परस्पर जोडायचा हे उघडकीला आलं होतं. टीका झाल्यावर त्यांनी ते काढलं. माझ्या मनातून तेव्हा उतरला तो उतरलाच.

मिसळप्रेमी

ताई, सहा वर्षांपूर्वीचं उकरून काढायचं म्हटलं तर कुणीच धुतल्या तांदळाचा निघणार नाही. गुगलवर गुप्त टॅबच्या (इन्कॉग्निटोच्या) माहितीवरून खटला झाला, आणि २०२४ मध्ये तडजोडीत तो डेटा नष्ट करायचं त्यांना कबूल करावं लागलं. तरी पोरगं क्रोम वापरतंयच ना.

पेठेतला_परीक्षार्थी

ताई, खूप धन्यवाद. इंजिनचा भाग माहीतच नव्हता. फायरफॉक्स टाकतो. पण अर्ज पुसला जाण्याचं काय? ते त्यानं थांबेल का?

आयटीतली_आळशी

नाही. ते ब्राउझरच्या हातात नाही रे. रॅम कमी पडली की मागे गेलेलं ॲप अँड्रॉइडच बंद करतो. टॅब कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात.

झेरॉक्सवाला_अप्पा

पेरूगेटजवळ आपलं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दिवसभर पोरांचे अर्ज भरतो, फोनवरून भरताना काय होतं ते रोज बघतो.

अर्ज भरायचा ब्राउझर आणि वाचायचा ब्राउझर वेगळा ठेव. अर्जाला साधा क्रोम, त्यात दुसरा एकही टॅब नाही. जाहिरातरोधक चालू असला की कधी फी भरायचं पानच उघडत नाही, आणि पैसे कापले गेले की नाही हे बघत बसण्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही.

ओटीपीसाठी मेसेजमध्ये जायचंच नाही. वरून नोटिफिकेशन ओढ, तिथूनच आकडा वाच. बऱ्याच फोनवर कीबोर्डच्या वरच्या पट्टीतही तो सुचवला जातो. त्यातूनही उघडावंच लागलं तर स्क्रीन विभागून वर ब्राउझर, खाली मेसेज. दोन्ही डोळ्यांसमोर असले की फोन सहसा त्यांना मारत नाही.

फोटो आणि सही आधीच हव्या त्या मापात करून वेगळ्या फोल्डरात ठेव. भरतीच्या जाहिरातीत फाइल किती केबीची हवी ते दिलेलं असतं, ते अर्ज उघडायच्या आधी वाच. पोरं अर्ज उघडतात आणि मग फोटो शोधायला लागतात. मोठा मजकूर असला, पत्ता वगैरे, तर आधी नोट्समध्ये लिहून तिथून चिकटव. आणि जिथे जिथे 'सेव्ह' दिसेल तिथे दाब, लाजू नको.

काही ठिकाणी प्रवेशपत्र नव्या खिडकीत उघडतं आणि क्रोम ती गुपचूप अडवतो. पोरांना वाटतं बटणच बिघडलंय. खाली पॉप-अप अडवल्याची पट्टी येते, तिथे 'नेहमी दाखवा' कर. फक्त त्याच संकेतस्थळापुरतं. सगळ्यांना परवानगी दिलीस तर जाहिरातींच्या खिडक्या मागे लागतील.

जुनाजाणता

अप्पांचा प्रतिसाद छापून अभ्यासिकेच्या फळ्यावर लावा.

ऑपेरा मिनीबद्दल राहिलं. डेटा तो खरंच वाचवतो, कारण त्याच्या अतिबचतीच्या प्रकारात पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जातं, तिथे पिळून लहान होतं आणि मग तुमच्याकडे येतं. साध्या बटणांच्या फोनवर आमची पिढी त्यावरच जगली. पण याचा अर्थ तुमच्या आणि संकेतस्थळाच्या मध्ये तिसरा बसलेला आहे. बँक, अर्ज, पासवर्ड तिथे नकोत. फॉर्मही नीट चालत नाहीत. गावी रेंज नसताना नुसतं वाचायला ठीक. क्रोममध्येही डेटा बचतीची सोय होती, ती गुगलनं २०२२ मध्ये काढून टाकली, तेव्हा सेटिंगमध्ये शोधत बसू नका.

कॉट_नंबर_तीन

माझाही हाच प्रश्न होता, धागा फार कामाचा. एक शंका. अभ्यासिकेच्या वायफायवर गुप्त टॅबमध्ये काय बघतो ते मालकाला दिसतं का? (मित्राला विचारायचं आहे.)

आयटीतली_आळशी

मित्राला सांग, गुप्त टॅब फक्त तुझ्या फोनवर इतिहास ठेवत नाही. वायफाय चालवणाऱ्याला कुठल्या संकेतस्थळावर गेलास हे सहसा कळू शकतं, आत कुठलं पान वाचलंस ते नाही, पत्ता एचटीटीपीएसचा, म्हणजे मधली माहिती कुलूपबंद पाठवणारा, असेल तर. फायरफॉक्समध्ये 'फक्त एचटीटीपीएस' आणि क्रोममध्ये 'नेहमी सुरक्षित कनेक्शन' असं सेटिंग आहे, ते चालू ठेव.

पेठेतला_परीक्षार्थी

फायरफॉक्स आणि यूब्लॉक टाकलं. बातम्यांची पानं ओळखू येईनात इतकी स्वच्छ झाली. डेटा किती उरतो ते आठवडाभर बघून सांगतो. अप्पांचं स्क्रीन विभागायचं गणितही करून पाहिलं, पान जागेवर राहिलं.

दोन गोष्टी अडल्यात. एक संकेतस्थळ म्हणतं जाहिरातरोधक बंद करा तरच वाचू देऊ. आणि टेलिग्रामच्या चॅनेलवरचा दुवा दाबला की जाहिराती पुन्हा येतात, जणू काही टाकलंच नाही. इंग्रजी लेख मराठीत वाचायचा असेल तर काय करता तेही सांगा.

आयटीतली_आळशी

भाषांतरासाठी क्रोमच उघड, त्याच्या मेन्यूतल्या 'भाषांतर करा'मध्ये मराठी आहे. कायद्याच्या कलमांवर मात्र त्या भाषांतराचा भरवसा ठेवू नको, उत्तरात उतरवशील आणि गुण जातील.

जाहिरातरोधकाबद्दल अडवणारं पान आधी वाचन दृश्यात उघडून बघ, कधीकधी तेवढ्यानं काम होतं. नाही झालं आणि लेख खरंच हवा असेल तर यूब्लॉकचं मोठं बटण त्या संकेतस्थळापुरतं बंद कर. चांगलं लिहिणाऱ्यांना जाहिरातीचे चार पैसे मिळाले तर माझी हरकत नाही. आपलं आपण सुरू होणाऱ्या व्हिडिओवाल्यांना मात्र दयामाया नाही.

टेलिग्रामचं सोपं आहे. तो दुवा तुझ्या ब्राउझरकडे जातच नाही, टेलिग्राम स्वतःच्या पोटात उघडतो. त्याच्या चॅट सेटिंगमध्ये 'इन-ॲप ब्राउझर' आहे, ते बंद कर. मग फोनच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट ॲप्समध्ये ब्राउझर म्हणून फायरफॉक्स निवड. क्रोम काढून टाकू नको, अप्पांच्या कामासाठी लागेल.

झेरॉक्सवाला_अप्पा

आणि क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडून बघ. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असले संदेश येत असतील तर कुठल्या तरी निकालाच्या पानावर घाईत 'परवानगी द्या' दाबलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फोनांत तीच यादी लांबलचक निघते. सगळ्यांची परवानगी काढ.